सात नंबरचा हिरवा

बोयाला नाव बांधू नये.
बोया हलवू नये, झाकू नये, रंगवू नये,
त्याच्यावर चढून बसू नये.
(पाणकावळे बसतात. कलम फक्त ‘व्यक्ती’बद्दल बोलतं.)
चुकून धक्का लागलाच, तर ताबडतोब कळवावं.
एवढं टाइप करून मी कागद ओढून काढला.
माथ्यावर : सरकार विरुद्ध थिओटिम सुरेट,
वय एकाहत्तर, धंदा शेवंडीचा,
राहणार आन्स-ग्रीज, नोव्हा स्कोशिया.

कोर्टात आला तो रबरी बुटांतच.
थंडीनं फुटलेले तळवे मांडीवर उताणे ठेवून बसला,
वाळत घातल्यासारखे.
वकील नको म्हणाला.
“मी बांधली. फोनही मीच केला. आता काय राहिलं?”

न्यायाधीशबाई हॅलिफॅक्सच्या, आमच्याकडे नव्या.
त्यांनी विचारलं, का बांधली?

मग तो बोलला, तुटक तुटक,
एकेक शेवंड मापाच्या पट्टीला लावून पाहावी तसा.
डिसेंबर. धुकं इतकं
की स्वतःच्या होडीचं नाक दिसेना.
इंजिन दोनदा खोकलं आणि बसलं.
ओहोटी खडकांकडे ओढत होती,
नांगराला तळ लागेना.
तेवढ्यात सात नंबरचा हिरवा.
दर चार सेकंदांनी एकदा.
दोर टाकला.
मध्यरात्रीनंतर वारा फिरला,
होडी बोयावर आपटली, परत आपटली,
दिव्याची मान वाकली,
विझला.

“मग?”
“मग बॅटरी काढली.”
“कुठली बॅटरी?”
“हातातली. एक सेकंद लावायची, तीन मिटायची.
हिरवं असं काही नव्हतं,
जिंजर एलची बाटली होती, ती धरली काचेपुढे.”
“किती वेळ?”
“उजाडेपर्यंत. डोळा लागायला लागला
तेव्हा मोठ्यानं मोजलं.”
त्या रात्री दोन होड्या आत आल्या.
दान्त्रमों भावांपैकी धाकटा धक्क्यावर म्हणाला होता म्हणे,
सात नंबर आज जरा रेंगाळतोय.
“तुम्ही हाक का नाही मारलीत त्यांना?”
“मारली असती तर वळले असते माझ्याकडे.
माझ्या मागं खडक.”

बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं,
पुढची पानं चाळली, मागची चाळली,
अनुसूचीसुद्धा.
खिडकीचं तावदान वाऱ्यानं थडथडत होतं.
आठशे डॉलर दंड. दिव्याची दुरुस्ती वेगळी.
हंगाम संपेपर्यंत मुदत.
तो म्हणाला, “बरोबर आहे.”
आणि टोपी शोधायला लागला. टोपी त्याच्या गुडघ्यावरच होती.

आदेश मी टाइप केला.
‘हेतुपुरस्सर’ हा शब्द दोनदा चुकला,
इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता.

माझा भाऊ रेजिस चौदाचा होता, मी आठची.
ऑगस्टची संध्याकाळ, बापाची बंदूक, चोरून घेतलेली डोंगी.
गोळ्या माझ्या फ्रॉकच्या ओच्यात.
चौथ्या गोळीला सातची काच फुटली
आणि आम्ही इतके हसलो
की एक वल्हं पाण्यात पडलं.
ताबडतोब कळवावं, हे कलम तेव्हाही होतं.
घरी कालवांचं सूप होतं. आम्ही दोनदा मागून घेतलं.
त्या रात्री बाहेरून कोण आत येत होतं,
कोण चार मोजून थांबलं,
मग पाच,
मग सहा,
हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.
रेजिस आता अल्बर्टात असतो,
तिथं समुद्र नाही.

थिओटिम मुदतीची वाट न बघता
दुसऱ्याच आठवड्यात माझ्या खिडकीशी आला.
नोटांना आमिषाच्या हेरिंगचा वास.
थुंकी लावून मोजल्या, माझ्याकडून मोजून घेतल्या.
“पावती मिळेल ना?”
मिळेल म्हटलं.
त्याचं नाव लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली,
शिक्का मारला.
पुसट उठला.
परत मारला.